जास्वंदीखालचं घमेलं

१

"किलोभर साबुदाणा भिजवलेला, अगं. फेकायला लागला."

माझ्या मानेमागे, कानाला श्वास लागेल इतक्या जवळ कुणीतरी कुरकुरलं. दुसरीने च्यक् केलं. "यंदाचा भोंडला गेला तो गेलाच. आणि म्हाताऱ्याला सुचलं तरी काय? ऑक्टोबरच्या उन्हात माकडटोपी! डोकंच फिरलेलं गं."

ज्याचं डोकं फिरलेलं, तो आमच्या पुढ्यात पांढऱ्या चादरीखाली आडवा होता. सहदेव परब. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत त्यांना या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. भाऊ. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलेला, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहणारा माणूस. टाकीचा कॉक बिघडला, भाऊंना सांगा. माळ्यावर उंदीर मेला, भाऊंना सांगा. दार अडकलं, पाल शिरली, मांजर अडकलं, भाऊंना सांगा.

इमारतीमागे जास्वंदीखाली घुशीचं एक जुनं बीळ होतं. पावसाळ्यात त्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. आदल्या दिवशी दुपारी भाऊ तिथे पडलेले वॉचमन माणिकला दिसले. अंगभर डसलेल्या. हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचलेसुद्धा नाहीत. पोलिसांनी अपघात लिहिला आणि गेले.

मी वळून पाहिलं. दोघी फरशीकडे बघायला लागल्या. मला इतका संताप आला की तिथे काही बोलले असते तर ते मयताला शोभलं नसतं. म्हणून उठले आणि आत गेले.

आत ओट्याशी विमलामावशी उभी होती. भाऊंची बायको. रडत नव्हती. पदराने काहीतरी झाकून धरलं होतं तिने.

"पद्मजा," ती हळूच म्हणाली, "हे कप मी कोणाक धुवूक दिलंय नाय."

२

पदर बाजूला झाला. निळ्या फुलांचे तीन कप. हे कप कपाटाच्या काचेआड असायचे आणि पाहुणा आला तरच निघायचे. भाऊ स्वतः पितळी पेल्यात चहा प्यायचे. तो पेला मोरीत उपडा होता.

आदल्या दिवशी मावशी सकाळपासून भांडुपला बहिणीकडे होती. माणिकचा फोन आला तेव्हा परतली, तीही थेट हॉस्पिटलात. घरी आली तर हे कप.

मी वाकून पाहिलं. एका कपात कोरा चहा, तळाशी लिंबाची फोड. दुसरा अर्धा प्यालेला, त्याच्या कानाला तांबूस बोटं लागलेली. तिसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"हो तिसरो खंय होतो सांगू? भायेर. चपलांच्या स्टँडवर."

मी गॅस एजन्सीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. इतक्या वर्षांत एकच गोष्ट शिकले. लोक खोटं फारसं बोलत नाहीत, मधलं वाक्य गिळतात. सिलिंडर चांगला आला, मग गळायला लागला. मध्ये घरातल्या हुशार माणसाने पाना घेऊन काय केलं, ते कुणी सांगत नाही.

इथे मधलं वाक्य कपात होतं. त्या दुपारी तीन जण या घरात आले होते. आणि मघापासून बाहेर प्रत्येक जण म्हणत होता की भाऊ आम्हाला दिसलेच नाहीत.

"आणि ह्यां बघ." मावशीने खिडकीतली बॅटरी उचलून दिली. काचेवर लाल जिलेटिनचा कागद, दोऱ्याने घट्ट बांधलेला. गणपतीच्या सजावटीतला उरलेला.

"गांधीलमाशीक लाल उजेड दिसणा नाय. गावाक तेचो बापूस असोच करी. काळोख पडलो की सगळ्यो आत असतत, जड झालेल्यो. तेवा जावचा. सकाळी निघताना माका म्हणालो, आज रातीक बघतंय तेंका."

"म्हणजे भाऊ रात्री जाणार होते."

"रातीचो जावचो माणूस दिवसाढवळ्या कित्याक गेलो?" तिने माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "सगळी म्हणतत खुळो झालो होतो. माझो झिलसुद्धा म्हणता, आई, वयामुळे होतं असं. पद्मजा, माझो घोव खुळो नव्हतो. ह्यां कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणाक होया. नायतर तो खुळो म्हणानच गेलो."

मला एवढंच काम होतं. पण त्याआधी माणिक जिन्यात भेटला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू का? भाऊंना न्यायला आलेल्या फायर ब्रिगेडवाल्यांनी बिळावरची सतरंजी उचलली ना, तर खाली घमेलं होतं. उपडं. वर वीट."

३

सेक्रेटरी राजेश. बँकेत अधिकारी. घरातही इस्त्रीचा शर्ट घालतो आणि कुणाच्या घरात शिरत नाही. बूट काढावे लागतात म्हणून उंबऱ्यावरूनच सोसायटी चालवतो.

"घमेलं भाऊंनीच ठेवलं असणार," तो म्हणाला. "मग विसरले आणि तिथेच गेले. वय झालं होतं, ताई. माकडटोपीचं ऐकलंत ना?"

"ऐकलं. दिवसभर तेच ऐकतेय. घमेलं कुठलं?"

"टाकीच्या कामाचं. मीटर रूममध्ये असतं."

"तिला कुलूप असतं ना? किल्ली भाऊंकडे होती?"

"छे. त्या दिवशी रुचिराकडे होती. भोंडल्याचं सामान काढायचं होतं तिला."

बोलून गेला, मग थांबला. मी न ऐकल्यासारखं केलं. रुचिरा पहिल्या मजल्यावरची. भोंडला तीच करते, दरवर्षी इमारतीमागे, जास्वंदीच्या सावलीत.

"आणि पेस्ट कंट्रोलचं काय झालं रे? तू मीटिंगमध्ये म्हणालास झालं म्हणून."

"झालंच आहे. त्याच आठवड्यात औषध मारून गेला माणूस. मी समोर उभा होतो."

"जास्वंदीखाली?"

"जास्वंदीखालीच. चांगलं भरपूर मारलं."

राजेशच्या मागे हॉलमध्ये देव्हारा दिसत होता. देवीच्या पायाशी लालभडक जास्वंद, जराशी सुकलेली. आमच्या इमारतीत दुसरं जास्वंदीचं झाड नाही.

"तुझ्या आई रोज आपल्याच झाडाची फुलं वाहतात ना?"

"हो. भाऊच आणून द्यायचे. परवा सकाळचीच आहेत ती. आता कोण देणार..." त्याने खेदाचा चेहरा केला.

"विषारी औषध मारलेल्या झाडाची फुलं तू आईला हाताळू दिलीस? नवरात्रात? देवीला?"

तो लाल झाला. मग पांढरा. मग इंग्रजीत काहीतरी बोलला आणि शेवटी मराठीवर आला. माणूस आला होता. बीळ पाहून म्हणाला, हे दिवसा करायचं काम नाही, अंधार पडल्यावर पूर्ण अंग झाकून येतो, तोवर इथे कुणाला फिरकू देऊ नका. सगळ्यांना खिडक्या लावायला सांगा.

"मग?"

"म्हटलं नवरात्र उरकू दे. नोटीस लावली असती तर सगळे माझ्याच नावाने ओरडले असते."

"आणि भाऊंना काय सांगितलंस? चपलांच्या स्टँडवर चहा ठेवून?"

दार माझ्या तोंडावर लागलं. पण लागण्याआधी मला त्याचे डोळे दिसले. कपाचं मी नुसतं बोलले होते आणि तो घाबरला होता.

४

देवदत्त सर भाऊंच्या शेजारीच, तळमजल्यावर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दूध सोसत नाही म्हणून लिंबू पिळलेला कोरा चहा पितात. गांधीलमाश्यांच्या बाजूने सोसायटीत एकटे तेच होते.

"त्या अळ्या खातात, पद्मजाबाई. तुमच्या कढीलिंबावर एक अळी दिसते का? त्यांची वसाहत एक-दोन महिन्यांत आपोआप संपते. आपण लांबून गेलं की झालं. माणसाला मात्र प्रत्येक बिळात विष ओतायचंच असतं."

त्यात काही खोटं नव्हतं, हे मान्य करते. लांबून जायचं, पाय आपटायचे नाहीत, नाहीतर अंधारात जाणकाराकरवी काढून घ्यायचं. खोटं पुढे आलं.

"दिवसा त्या आपल्या कामात असतात. शांत. छेडलं नाही तर काही करत नाहीत."

"बिळाचं तोंड कुणी झाकलं तरीही?"

"ते... ते वेगळं. दार बंद झालं की बाहेरून परतणाऱ्या सगळ्या तिथेच घोंगावणार. घमेलं उचललं की..." ते थांबले.

"घमेलं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर? फायर ब्रिगेड आली तेव्हा तुम्ही पुण्याला निघाला होतात. आज सकाळी परतलात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी खोलीभर नजर फिरवली. जास्वंदीकडची खिडकी बंद. फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या, पिवळ्या पडलेल्या. बाहेरून नवीकोरी नायलॉनची जाळी. खोलीत कोंदट वास होता. बऱ्याच दिवसांत ती खिडकी उघडलेली नव्हती.

"सर, शांत असतात ना दिवसा? मग हे कशासाठी?"

फटीतली एक घडी जराशी सुटली होती. त्यांनी ती अंगठ्याने आत दाबली. माझ्यादेखत.

५

रुचिराने दार उघडलं तेव्हा भिंतीला भोंडल्याचा पाट टेकवलेला होता. गेरूने सारवलेला, वर पांढऱ्या रेघांचा हत्ती. एक सोंड, तीन पाय. चौथा राहून गेला होता. तिच्या नखांत अजून गेरू होता.

मला बसवता बसवताच ती म्हणाली, "मी भाऊंना भेटलेच नव्हते हं त्या दिवशी."

मी काही विचारलंही नव्हतं.

आमच्याकडे भोंडल्याला खिरापत ओळखायची असते. बंद डबा कानाशी वाजवायचा आणि पोरी ओरडतात, ओली की सुकी? गोड की तिखट? लहान असताना मी शेवटपर्यंत गप्प बसायचे आणि बरोबर ओळखायचे. कारण जिने ती केलेली असते तिचा चेहरा खऱ्या नावाला बदलतो.

"घमेलं तू ठेवलंस," मी म्हटलं.

चेहरा बदलला.

"पावसाची सर आली होती ना दुपारी, बारानंतर," ती एका दमात बोलायला लागली. "पावसात एकही माशी बाहेर नव्हती. मला वाटलं हीच वेळ. झाकलं, वीट ठेवली, वर सतरंजी घातली. कुणाचा पाय पडू नये म्हणून केलं हो! मग ऊन पडलं आणि सगळ्या परत आल्या. नुसता काळा ढग, सतरंजीवर. आवाज असा की..." तिने कानांवर हात घेतले.

"भोंडला गच्चीवर नेता आला असता."

"गच्चीवर ऊन असतं."

तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. खाली बघायला लागली.

"पुढे? गेरूच्या हातांनी कप धरलास. अर्धा चहा प्यायलीस. भाऊ काय म्हणाले?"

"नाही मी गेले! सांगितलं ना, नाही गेले!" ती ओरडली आणि आतून तिची मुलगी सई बाहेर आली. परकर-पोलकं घातलेली. नऊ दिवस तेच घालायचं म्हणून हट्ट धरलेला.

"आई, तू गेली होतीस," ती म्हणाली. "मीच म्हटलं ना, मला पण यायचंय."

६

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये शोकसभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो. पलीकडे जास्वंद होती. तिच्याखाली बुजवलेली ताजी माती. ज्या दिवशी भाऊ गेले त्याच रात्री, काळोखात, जाड पोशाख घातलेली दोन माणसं आली आणि चहा निवायच्या आत सगळं उरकून गेली. हे काम एवढंच होतं.

राजेश माइकवर होता. "भाऊ आपल्या सगळ्यांचे होते. वयोमानाने अलीकडे थोडा विसर, थोडा गोंधळ..."

"माझो घोव खुळो नव्हतो."

विमलामावशी उभी राहिली होती. तिचा मुलगा सुयोग तिला खाली ओढत होता. "आई, बस ना."

"बसू नकोस, मावशी," मी म्हटलं आणि पिशवीतून तीन कप काढून फोटोपुढच्या टेबलावर ठेवले. न धुतलेले. पुढच्या रांगेत तिघे होते. तिघांच्या माना एकदम खाली गेल्या.

"माकडटोपीवरून सगळे हसलात," मी म्हटलं. "उन्हात माकडटोपी कोण घालतं? ज्याला समोर काय आहे ते पुरतं माहीत आहे, तो घालतो. घरात लाल कागद बांधलेली बॅटरी होती. ते अंधारात जाणार होते, कारण हे दिवसाचं काम नाही हे त्यांना या सोसायटीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. बॅटरी घरीच राहिली, म्हणजे बेत मध्येच बदलला. कुणी बदलला?"

मी पहिला कप पुढे सरकवला. "हा भरलेला, दाराबाहेर सापडलेला. इथे उंबरा न ओलांडणारा एकच माणूस आहे. त्याने भाऊंना सांगितलं, औषध मारून झालंय, आत काही उरलेलं नाही. औषध मारलंच नव्हतं. भाऊंनी अर्धा विश्वास ठेवला. उरलेल्या अर्ध्यासाठी टोपी घातली."

"हे बघा, ताई..." राजेश म्हणाला.

"हा लिंबाचा. यांनी सांगितलं, मारू नका, नुसतं घमेलं उचला, दिवसा त्या शांत असतात. सांगणाऱ्याने स्वतःच्या खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्यात. घमेल्याची गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती तेव्हा यांना माहीत होती."

देवदत्त सरांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

"आणि हा गेरूचा."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी करून गप्प झाला.

"तिघांपैकी एकाने तरी 'राहू दे भाऊ' म्हटलं असतं तर ते आज इथे बसले असते. आणि माणूस गेल्यावर तिघांनी मिळून त्याचं डोकंसुद्धा काढून घेतलं. पोटच्या मुलाला खरं वाटावं इतकं."

सुयोगने आईचा हात सोडला. मग पुन्हा धरला, या वेळी वेगळ्या तऱ्हेने.

"हेतू कुणाचाच वाईट नव्हता, ताई," राजेश म्हणाला. "त्यांनी स्वतःहून केलं. आम्ही जबरदस्ती केली का? ते हो म्हणाले."

"नाही म्हणाले होते."

रुचिरा उठली होती. सई तिच्या ओढणीला धरून उभी.

"आधी नाही म्हणाले. म्हणाले, रात्री करतो गं, आत्ता नको, आत्ता मारतील त्या. मीच म्हटलं, भाऊ, पाचला मुली येतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी शोधायला लागले. हसून म्हणाले, तू चहा तरी संपव." तिने टेबलावरच्या अर्ध्या कपाकडे बोट केलं. "मी नाही संपवला. मी घरी जाऊन खिडकी लावून घेतली."

"रुचिरा, खाली बस," राजेश म्हणाला.

"नाही बसत. राजेशदादा, तू का नाही उचललंस घमेलं? सर, तुम्ही का नाही? मी का नाही? आपल्याला माहीत होतं ना, उचलेल त्याला डसणार म्हणून." तिने फोटोकडे पाहिलं, मग विमलामावशीकडे. "मावशी, आमच्यापैकी कुणाला डसल्या असत्या तर ते चाललं नसतं. भाऊंना डसल्या तर चालेल, असं वाटलं आम्हाला."